ढगावरचा देव आणि खालचे जाणकार

अठराव्या शतकातल्या लंडनमध्ये जाणकार नावाची एक जमात होती. जन्मानं जमीनदार, धंद्यानं कुणाचे तरी वारस, आणि तरुणपणी एकदा इटली पाहून आले की मरेपर्यंत जाणकार. परीक्षा नाही, पदवी नाही. त्यातला कुठलाही एक उचलावा, बाकीचे त्याच्यासारखेच निघतात. म्हणून आपण एकच घेऊ आणि त्यांना नुसतं ‘जाणकार’ म्हणू. नाव दिलं तर उगाच कुणाचे तरी वंशज रागावायचे.

जाणकारांना ओळखायला वेळ लागत नाही. त्यांना एखाद्या निसर्गचित्रासमोर नेऊन उभं करा. चित्रात डोंगर आहे, तळं आहे, पाण्यावर संध्याकाळचा उजेड उतरलाय. जाणकार मान किंचित तिरकी करतात, एक डोळा बारीक करतात, दोन पावलं मागे सरतात (मागे कुणाचा पाय आहे ते न पाहता) आणि म्हणतात, “छान. पण कथा कोणती?”

कथा नाही म्हटलं की त्यांचा चेहरा उतरतो. नुसता डोंगर? नुसता डोंगर त्यांच्या इस्टेटीतही आहे. त्याच्यावर मेंढ्या चरतात आणि त्यातून उत्पन्न येतं. भिंतीवरच्या डोंगरासाठी उलट आपणच पैसे मोजायचे, हा व्यवहार त्यांच्या बुद्धीला पटत नाही. पण त्याच डोंगराच्या पायथ्याशी करंगळीच्या नखाएवढी एक बाई पळताना दाखवा आणि तिच्यामागे तेवढाच एक उघडाबंब तरुण लावून द्या. “डॅफ्नी!” जाणकार ओरडतात. “आणि हा अपोलो! ओव्हिड!” झालं. डोंगराचा ग्रीस झाला आणि किंमतही वाजवी वाटू लागली.

दोष सगळा त्यांचाच होता असं नाही. फ्रान्समध्ये आंद्रे फेलिबिआँ नावाच्या गृहस्थानं १६६०च्या दशकातच चित्रविषयांची उतरंड लावून ठेवली होती. सर्वांत वर इतिहास-पुराण, मग माणसांची चित्रं, मग जनावरं, मग निसर्ग, आणि तळाला फळं-फुलं-शिंपले. म्हणजे निसर्गचित्रकार शेवटून दुसऱ्या पंक्तीत. वर सरकायचं तर सोबत एखादा देव आणणं भाग. आपल्याकडे वर्गणी मागायची ती गणपतीच्या नावानं, रोषणाई त्यात खपून जाते. तिथेही हिशेब तोच होता. क्लोद लोरँ हा सतराव्या शतकात रोममध्ये राहिलेला निसर्गचित्रकारांचा मेरुमणी. तो म्हणे सांगायचा की मी निसर्ग विकतो, त्यातली माणसं फुकट देतो. त्याची माणसं पाहिली की पटतं, तो रास्त भाव होता.

आता, जाणकारांना ही कथेची भूक का? लॅटिन त्यांच्या अंगात शाळेत छडीनं शिरलं होतं. ओव्हिड आणि व्हर्जिल हे रोमन कवी पाठ करताना लहानपणी जो मार खाल्ला, तो वसूल करायला इंग्लंडात जागा कुठे होती? कुळांशी लॅटिन बोलता येत नाही, शिकारीच्या कुत्र्यांशीही नाही. चित्र ही एकच वस्तू अशी, की जिच्यासमोर उभं राहून चार लोकांत ‘ओव्हिड, मेटामॉर्फोसिस, खंड सहावा’ एवढंच म्हणावं आणि गप्प व्हावं. त्यामुळे चित्रातला देव जितका बारीक, तितकी मौज जास्त. ज्याला तो आधी सापडला तो जाणकार, बाकीचे पाहुणे.

इटलीच्या मुक्कामात हे सगळं पक्कं झालं. रोमला स्पॅनिश चौकात इंग्रजांचं कॉफीघर होतं. घरून निघून, आल्प्स ओलांडून जाणकार तिथे पोचले आणि शेजारच्या परगण्यातल्या इंग्रजांना भेटले. सकाळी भाड्याचा पंडित पडके खांब दाखवी. दुपारी पोंपेओ बातोनीकडे स्वतःचं चित्र काढून घ्यायला बसायचं: कोपराशी संगमरवरी मुंडकं, पायाशी कुत्रा, मागे एखादा अवशेष. इटली पाहून आलेल्या असल्याच मंडळींनी १७३०च्या दशकातच लंडनमध्ये ‘सोसायटी ऑफ डिलेटँटी’ काढली होती. लेखक होरेस वॉलपोलनं १७४३मध्ये एका पत्रात लिहिलंय की या मंडळाचा सभासद व्हायला कागदोपत्री अट इटली पाहिलेली असण्याची, आणि खरी अट प्यायलेलं असण्याची. वॉलपोल स्वतः इटलीला जाऊन आला होता; म्हणजे निम्मी पात्रता त्याच्याकडेही होती.

या मंडळींना गिऱ्हाईक म्हणून पकडणारे दलालही तयार झाले. त्यांचं सर्वांत झणझणीत वर्णन चित्रकार हॉगार्थनं १७३७मध्ये टोपणनावानं वर्तमानपत्रात छापलं. दलाल काळंकुट्ट जुनं चित्र दाखवतो. गिऱ्हाईक भीत भीत म्हणतं, ही व्हीनस तर आमच्या स्वयंपाकिणीइतकीही देखणी नाही. दलाल म्हणतो, अरेरे, साहेब, आपण जाणकार दिसत नाही! मग तो कॅनव्हासच्या एका अंधाऱ्या कोपऱ्यावर थुंकतो, मळक्या रुमालानं पुसतो, टुणकन उडी मारून खोलीच्या दुसऱ्या टोकाला जातो आणि तिथून किंचाळतो, काय हात आहे! हे चित्र वर्षभर घरात ठेवाल तेव्हा कुठे अर्धं सौंदर्य कळेल. ‘आपण जाणकार नाही’ हे ऐकल्यावर आपले जाणकार ते चित्र न घेता घरी आले असतील, असं तुम्हाला वाटतं का?

तर असं पाच-सहा काळ्या चित्रांचं धन घरी जमल्यावर जाणकारांना खऱ्या निसर्गाचाही रंग चुकलाय असं वाटू लागलं. गवत फार हिरवं. आकाश भलतंच निळं. त्यावर उपाय म्हणून क्लोदच्या नावाचा आरसा निघाला: काळसर, किंचित फुगीर, कातडी डबीत बसणारा. तो वापरण्याची रीत पाहण्यासारखी आहे. डोंगर पाहायचा तर प्रथम डोंगराकडे पाठ करायची. मग आरसा खांद्याच्या उंचीला धरायचा आणि त्यात मागचा डोंगर लहान, तपकिरी, अगदी क्लोदसारखा झालेला पाहायचा. कवी टॉमस ग्रे १७६९मध्ये लेक डिस्ट्रिक्टमध्ये असाच उघडा आरसा हातात घेऊन हिंडताना चिखलाच्या गल्लीत उताणा पडला. बोटांची सालपटं निघाली, पण सूर्यास्त पाहिल्याशिवाय तो हलला नाही. ग्रेला मी जाणकारांत धरत नाही. पडल्यावर हे प्रांजळपणे रोजनिशीत लिहून ठेवणारा माणूस जाणकार असूच शकत नाही.

आता रिचर्ड विल्सनकडे येऊ, कारण जाणकारांच्या नादानं ज्याची सर्वांत जास्त फरफट झाली तो हा. वेल्समधला, एका धर्मोपदेशकाचा मुलगा, तोंडानं फटकळ, बिअरवर प्रेम. आधी माणसांची चित्रं करायचा. १७५०मध्ये इटलीला गेला, सहा-सात वर्षं राहिला आणि तिथे निसर्गचित्रकार झाला. परत आला तो इटलीचा उजेड हातात घेऊनच. वेल्सचे डोंगर त्यानं जसे रंगवलेत तसे त्याआधी कुणीच रंगवले नव्हते. पण जाणकारांनी विचारलं, कथा कोणती?

त्यानं कथा दिली. १७६०मध्ये लंडनला स्ट्रँडजवळ हयात ब्रिटिश चित्रकारांचं पहिलं मोठं सार्वजनिक प्रदर्शन भरलं. विल्सननं त्यात निओबीच्या मुलांच्या संहाराचं चित्र मांडलं. निओबी ही थीब्जची राणी. मला इतकी मुलं आणि लेटो देवीला दोनच, असं ती चारचौघांत बोलून गेली. लेटोची ती दोन मुलं म्हणजे अपोलो आणि डायना, दोघंही नेमबाज. पुढचं सांगायला नकोच. चित्र जवळपास पाच फूट उंच, सहा फूट रुंद. वादळ घोंगावतंय, वीज पडतेय, खडक काळवंडलेत, झाडं वाऱ्यानं पिळून निघतायत, आणि खाली ही माणसं, कुणी मेलेली, कुणी पळणारी. वर ढगावर गुडघा टेकून, धनुष्य ताणून, इवलासा अपोलो.

जाणकार खूश. ते बोट पुढे करून मेलेले मोजू लागतात.

“ओव्हिडच्या हिशेबानं चौदा भरायला हवेत. सात मुलगे, सात मुली.”

शेजारचे गृहस्थ जरा ग्रीक शिकलेले. “होमर बारा म्हणतो.”

“होमरचं कोण धरतं? होमर आंधळा होता.”

“बाकीची खडकामागे मेली असतील.”

“खडकामागे मेलेल्यांचे पैसे मी चित्रकाराला का द्यावे?”

एवढ्यात मागून कुणाची तरी भाची म्हणते, “काका, ते झाड बघा ना, कसं वाकलंय!” जाणकार दचकतात, झाडाकडे बघतात. “हो, हो. झाडही घातलंय,” असं म्हणून पुन्हा अकरापासून मोजायला लागतात.

चित्र घेतलं कंबरलंडच्या ड्यूकनं. १७४६च्या कलोडनच्या लढाईनंतर हरलेल्यांची जी कत्तल झाली, तिच्यामुळे ‘खाटीक’ हे नाव पडलेला तोच हा राजपुत्र. मुलांच्या संहाराचं चित्र त्याच्या घरी गेलं, यात विल्सनचा काही वात्रटपणा नव्हता. योगायोगालाही कधी कधी विनोदबुद्धी असते. पुढच्या वर्षी विल्यम वूलेटनं त्या चित्राचं तांब्याच्या पत्र्यावर कोरीवकाम केलं, जॉन बॉयडेलनं ते छापून विकलं आणि ते देशात-परदेशात तुफान खपलं. वूलेट एखादं मोठं कोरीवकाम पुरं झालं की घराच्या गच्चीवरून तोफ उडवायचा, असं सांगतात. त्या दिवशी शेजाऱ्यांना वर अपोलो बसलाय असं वाटलं असेल तर नवल नाही. जाणकारांनी अर्थात छाप विकत घेतला, आणि मूळ चित्र आपण कुणाच्याही आधी पाहिल्याचं सांगत राहिले.

या यशानं विल्सनचं भलं झालं असं मात्र नाही. सीक्स आणि अल्सायनी यांची ओव्हिडमधलीच कथा असलेलं एक चित्र त्यानं एक मगभर बिअर आणि उरल्यासुरल्या स्टिल्टन चीजवर दिलं, अशी आख्यायिका आहे. दुसरी याहून प्रसिद्ध. राजानं मागवलेल्या चित्राला त्यानं साठ गिनी सांगितल्या. राजाच्या मर्जीतले लॉर्ड ब्यूट म्हणाले, फार होतात. विल्सननं निरोप दिला, महाराजांना एकदम जमत नसेल तर हप्त्यानं द्यावेत. असल्या माणसाला दरबारात पुन्हा कोण बोलावणार? १७६८मध्ये रॉयल अकॅडमी निघाली तेव्हा तो संस्थापकांत होता. १७७६मध्ये त्याच अकॅडमीनं त्याला ग्रंथपालाची जागा दिली ती दयेपोटी, सालीना पन्नास पौंडांवर. १७८२मध्ये तो वेल्सला जाऊन वारला.

आणि मग, सहा वर्षांनी, डिसेंबर १७८८मध्ये, जाणकारांचे जाणकार, चित्रकार सर जोशुआ रेनॉल्ड्स अकॅडमीच्या व्यासपीठावर उभे राहिले. विषय नुकताच गेलेला चित्रकार गेन्सबरो, पण बोलता बोलता त्यांनी विल्सनची निओबी बाहेर काढली. वादळ उत्तम आहे म्हणाले. खालची माणसं विजेनं मेली असं पाहणाऱ्याला साहजिक वाटतं. पण चित्रकारानं त्याचं श्रेय त्या छोट्याशा अपोलोला देऊन घोटाळा केला. आणि अपोलो ज्या ढगावर गुडघे टेकून बसलाय तो ढग त्याला पेलेल असा दिसत नाही!

ढगाबद्दल रेनॉल्ड्सचं खरं आहे, मी चित्राच्या छापात निरखून पाहिलंय. तो ढग पावसाचा आहे, बसायचा नाही. पण त्यांचा पुढचा मुद्दा ऐका: विल्सनचा निसर्ग फार साधा, नेहमीच्या पाहण्यातला, देवांना वावरायला शोभेल असा नाही. म्हणजे आधी सांगायचं, देव आणल्याशिवाय वरच्या पंक्तीत बसू देणार नाही. आणि गरिबानं देव आणला की म्हणायचं, तुझं घर देवाच्या लायकीचं नाही. ओव्हिड न वाचलेल्या माणसालाही त्या चित्रात मुलं वादळानंच मेलेली दिसतात, आणि हीच त्याची थोरवी आहे. अपोलो ही फक्त जाणकारांसाठी फाडलेली पावती.

गेन्सबरोला हे आधीच उमगलं होतं. १७६०च्या दशकातल्या एका पत्रात तो मित्राला लिहितो की निसर्गचित्रात पुराण कशाला भरायचं? माणसं घालायची ती डोळ्याला थोडा उद्योग म्हणून. डोळा क्षणभर झाडांवरून उठून तिकडे जावा आणि दुप्पट हौसेनं झाडांकडे परत यावा. इतकं शहाणं बोलणाऱ्या या माणसानंही म्हातारपणी डायना आणि अ‍ॅक्टिऑनची पौराणिक कथा रंगवायला घेतली. ते चित्र पुरं झालं नाही. जाणकारांची हवाच अशी, की मी मी म्हणणाऱ्यालाही सर्दी झाली.

एवढ्यानं जाणकारांचं समाधान झालं म्हणाल तर तेही नाही. चित्रं जमवून झाल्यावर त्यांनी बागेला हात घातला. हेन्री होअर या सावकारानं स्टूरहेडला नदी अडवून तळं केलं, काठानं देवळं बांधली, एकाच्या दारावर व्हर्जिलची ओळ कोरली: अपवित्रांनी दूर व्हावं. बाग अप्रतिम आहे, आजही आहे. आता चित्रासारखी बाग म्हटल्यावर तिच्यात चित्रासारखी माणसंही हवीत. सरेमधल्या पेन्सहिलला चार्ल्स हॅमिल्टननं मठी बांधून तीत पगारी तपस्वी नेमला, असं सांगतात. सात वर्षं राहायचं, केस-नखं कापायची नाहीत, नोकरांशी बोलायचं नाही. मुदत भरली की सातशे गिनी. तपस्वी तीन आठवड्यांत गावच्या गुत्त्यात सापडला. मला या साऱ्या कहाणीत एकटा तोच माणूस धडधाकट वाटतो.

जाणकारांचा वंश पुढच्या शतकातही चालू राहिला. सर जॉर्ज ब्यूमाँट हे त्यातलं गोड रूप. प्रवासात क्लोदचं एक लाडकं चित्र ते गाडीत सोबत घेऊन जायचे. चित्राचा रंग जुन्या व्हायोलिनसारखा असावा असं ते एकदा म्हणाले, तेव्हा चित्रकार कॉन्स्टेबलनं व्हायोलिन आणून बाहेर हिरवळीवर ठेवलं आणि काही बोलला नाही. तरी ब्यूमाँटनीच आपला संग्रह देशाला देऊ केला आणि त्यातून लंडनची नॅशनल गॅलरी उभी राहायला हातभार लागला. म्हणून जाणकारांना नुसतं हसून भागत नाही. त्यांनी कथा विचारली, पण पैसेही दिले. आणि कथेच्या नावाखाली चित्रकारांनी वादळं, कडे, धबधबे, उतरतं ऊन हे सारं त्यांच्या दिवाणखान्यात नेऊन टांगलं. पंधरा-वीस वर्षं रोज समोर जेवल्यावर एखाद्या जाणकाराला झाड दिसलंही असेल.

विल्सनचा शिष्य टॉमस जोन्स याची तऱ्हा पाहा. १७६९मध्ये त्यानं व्हर्जिलमधली राणी डायडो आणि इनिअस यांचं भव्य वादळी चित्र केलं. त्यातली माणसं मित्राकडून, जॉन हॅमिल्टन मॉर्टिमरकडून काढून घेतली. हे जाणकारांसाठी. पुढे १७८२च्या सुमारास नेपल्सला असताना त्यानं समोरच्या घराची एक भिंत रंगवली. उडालेला गिलावा, एक सज्जा, वाळत घातलेले कपडे. पोस्टकार्डाएवढा कागद. देव नाही, राणी नाही, माणूसच नाही. हे कुणासाठीच नव्हतं; विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते फारसं कुणाला ठाऊकही नव्हतं. आज ते नॅशनल गॅलरीत आहे, आणि जोन्सचं नाव निघतं ते त्या भिंतीमुळे.

विल्सनची १७६०ची निओबी अमेरिकेत न्यू हेवनला, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलासंग्रहालयात आहे. प्रवेश मोफत. नातेवाईक तिकडे असतील आणि जाणं झालं, तर आधी ढगावरचा अपोलो शोधून मोकळे व्हा. एकदा तो सापडला की बाकीचं पाच फूट बाय सहा फूट वादळ तुमचं.